युद्धाआधीची इटास्का

२० मार्च १९३५ रोजी अमेरिकी कोस्ट गार्डची ‘इटास्का’ ही बोट होनोलुलूहून दक्षिणेला निघाली, तेव्हा तिच्यावरच्या सहा हवाईयन पोरांना आपण कुठे चाललोय हे ठाऊक नव्हतं. सगळी नुकतीच शाळेतून बाहेर पडलेली. हवाईच्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी कामेहामेहा स्कूल्स ही जुनी संस्था आहे, तिथून त्यांना निवडून आणलं होतं. पोहणं पक्कं हवं, होडी हाकता यायला हवी, वाडवडिलांच्या पद्धतीने मासे पकडता यायला हवेत, अंगात शिस्त हवी, चारजणांत जमवून घेता यायला हवं आणि लग्न झालेलं नसावं, अशा अटी होत्या. मेहनताना दिवसाला तीन डॉलर. मंदीच्या त्या वर्षांत घरी पाठवायला ही रक्कम लहान नव्हती. सोबत काही लष्करी जवानही होते, कागदोपत्री रजेवर दाखवलेले. किनारा दिसेनासा झाल्यावर मग त्यांना सांगण्यात आलं की विषुववृत्ताजवळच्या तीन ओसाड बेटांवर तुम्हाला उतरवणार आहोत, आणि पुढची बोट येईपर्यंत तुम्ही तिथे राहायचं आहे.

इटास्काचं नाव आज कुठेही शोधलं तर एकच दिवस पुढे येतो, २ जुलै १९३७. अमेलिया इअरहार्ट नावाची जगप्रसिद्ध वैमानिक तिच्या शेवटच्या सकाळी ज्या जहाजाशी बोलायचा प्रयत्न करत होती, ते हे जहाज. त्या सकाळीबद्दल मलाही लिहायचंच आहे, कारण उमेदीची सगळी वर्षं मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली आणि इटास्काच्या रेडिओ रूममधल्या नोंदी मला परक्या वाटत नाहीत. पण त्या नोंदींच्या मागे-पुढे वाचत गेलो तसतसा मी त्या दिवसापेक्षा त्या पोरांकडे जास्त ओढला गेलो. युद्ध सुरू होण्याआधीच्या या बोटीच्या नोकरीत सगळ्यात मोठं काम तेच होतं असं माझं मत झालं आहे.

बोट स्वतः फार देखणी. कोस्ट गार्डने १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून अडीचशे फुटी दहा कटर, म्हणजे गस्तीची जहाजं, बांधली आणि सगळ्यांना तळ्यांची नावं दिली. मिसिसिपी नदी मिनेसोटातल्या ज्या तळ्यातून निघते ते इटास्का. ही बोट कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या गोदीत बांधली गेली, १६ नोव्हेंबर १९२९ ला पाण्यात उतरली आणि १२ जुलै १९३० ला सेवेत दाखल झाली. बॉयलरच्या वाफेवर टर्बाइन फिरायचं, टर्बाइनवर जनित्र, आणि त्या विजेवर पंख्याची मोटर. त्या काळात ही रचना नवी होती. कोस्ट गार्ड तेव्हा नौदलाचा भाग नव्हता, अर्थखात्याखाली होता. १७९० साली जकात चुकवणाऱ्यांना धरण्यासाठी सुरू झालेलं दल आणि बुडणाऱ्यांना वाचवणारं जीवरक्षक दल, या दोघांना १९१५ साली एकत्र करून तो तयार झाला. त्यामुळे कटरवरच्या माणसाला दोन्ही धर्म पाळावे लागत: एका हातात सरकारचा दंडुका, दुसऱ्या हातात दोर. दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूच्या बोटींचा पाठलाग, उत्तरेला बेरिंग समुद्रात सीलच्या शिकारीवर पहारा, अलास्काच्या दूरच्या वस्त्यांना डॉक्टर आणि टपाल पोचवणं, वादळात सापडलेल्या गलबतांना ओढून आणणं, अशी या दलाची रोजची कामं होती. त्यांची बातमी क्वचितच होते.

ती तीन बेटं म्हणजे जार्व्हिस, हाउलँड आणि बेकर. हाउलँडची लांबी जेमतेम अडीच किलोमीटर, रुंदी एक किलोमीटरसुद्धा नाही, आणि उंची भरतीच्या रेषेपासून काही मीटर. गोड्या पाण्याचा झरा नाही, सावलीला झाड म्हणावं असं झाड नाही. एकोणिसाव्या शतकात तिथली समुद्रपक्ष्यांची विष्ठा खत म्हणून खणून नेत. १८५६ च्या अमेरिकी कायद्याने अशा बेटांवर हक्क सांगायची मुभाच दिली होती. खत संपलं, माणसं गेली, मागे उंदीर राहिले.

मग १९३५ साली या बेटांची आठवण का झाली? विमानांमुळे. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये पॅसिफिक ओलांडायचा तर तेव्हाच्या विमानाला वाटेत टेकायला जमीन हवी होती, आणि या भागावर ब्रिटिशांचाही डोळा होता. बेट आमचं आहे असं म्हणायचं तर तिथे आपली माणसं राहताना दिसायला हवीत, आणि ती सैनिक असून चालणार नाहीत. म्हणून थोड्याच काळात जवान काढून घेतले गेले आणि बेटं तरुण हवाईयनांच्या हवाली झाली. मे १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने ती गृहखात्याकडे सोपवली गेली, तेव्हा कुठे हा बेत उघड झाला.

पोरांना सांगितलेलं काम असं: दिवसातून ठरलेल्या वेळी हवामानाच्या नोंदी घ्या, रोजनिशी ठेवा, पक्षी-मासे-वनस्पतींचे नमुने होनोलुलूच्या बिशप म्युझियमसाठी गोळा करा, जमीन साफ करा. त्यांनी ते सगळं मनापासून केलं. नमुने खरोखर म्युझियममध्ये पोचले. हे काम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्यांना तिथे ठेवण्याचं कारण वेगळं होतं. एखाद्या जागेवर कुणाचा तरी ताबा दिसावा म्हणून तिथे राखण्या ठेवतात, तसं त्यांना ठेवलं होतं, आणि राखण म्हणून ठेवलंय हे त्यांना पुरतं सांगितलेलं नव्हतं. याचा मला आजही राग येतो.

हाउलँडवर बोट लावणं म्हणजे काय ते समुद्रावर राहिलेल्या माणसालाच कळेल. बेटाभोवती प्रवाळाचं खडप, आणि खडपाच्या पलीकडे तळ एकदम खोल जातो. नांगराला धरायला जागाच नाही. जहाजाने बेटाच्या आडोशाला, वारा न लागणाऱ्या बाजूला, इंजिन तयार ठेवून तरंगत राहायचं. सगळा माल होडीतून न्यायचा. पाण्याचे ड्रम, डबाबंद अन्न, तंबूचं कापड, औषधं, लाकूड. लाटांचा नेम धरायचा, दोन मोठ्या लाटांच्या मधली जागा हेरून खडपातल्या अरुंद फटीतून होडी आत घालायची, आणि चुकलात तर होडी आडवी होऊन माणसांसकट प्रवाळावर आपटणार. कोकणातल्या ज्या तांडेलांबरोबर मी काम केलं त्यांना हे वाचून दाखवलं असतं तर त्यांनी नुसती मान हलवली असती. या कामात त्या मुलांनाच कोस्ट गार्डच्या माणसांपेक्षा जास्त गती होती असं मला वाटतं. लाटेशी त्यांचं लहानपणापासूनचं नातं.

साधारण तीन महिन्यांनी कटर यायचं. नवी पोरं उतरायची, जुनी काही परतायची, काही आणखी राहायची. हाउलँडवरच्या वस्तीला त्यांनी नाव दिलं इटास्काटाउन. बेकरवरची वस्ती मायरटन, जार्व्हिसवरची मिलर्सव्हिल, ही दोन्ही नावं मोहिमेतल्या अधिकाऱ्यांवरून. हाउलँडचं नाव मात्र बोटीवरून, आणि त्यात मला नवल वाटत नाही. जी बोट पाणी आणते, पत्र आणते, दुखणाऱ्या दाताला इलाज आणते, जी दिसली की घरी जायची शक्यता दिसते, तिचंच नाव गावाला लागणार. माझ्या जहाजांवरचे मालवण-देवगडकडचे खलाशी मला ‘मार्कोनीसाहेब’ म्हणायचे. जून उजाडला की रेडिओ रूमच्या दारात कुणीतरी हटकून उभा असायचा: “साहेब, गावाक पाऊस लागलो काय ओ?” बातमी असो नसो, विचारून झालं की त्याचा चेहरा जरा मोकळा व्हायचा. त्या बेटांवरच्या पहिल्या तुकड्यांकडे विचारायला कुणी नव्हतं. पुढे हौशी बिनतारी चालवणारे काही तरुण त्यांच्यात आले आणि त्यांनी संच लावले, तेव्हा होनोलुलूशी बोलणं सुरू झालं.

पण बोलता आलं म्हणजे पोचता आलं असं नाही. हाउलँडपासून होनोलुलू सुमारे सतराशे सागरी मैल. बारा-तेरा नॉटने, म्हणजे ताशी तेवढ्या सागरी मैलांनी, जाणाऱ्या कटरला पाच-सहा दिवस हवेत, आणि बोट आधी होनोलुलूहून निघून यायची असेल तर त्याच्या दुप्पट. १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये जार्व्हिसवरच्या कार्ल काहालेवाई या तरुणाला अपेंडिसायटिस झाला. तोवर इटास्काचं बरंचसं काम ‘टेनी’ या नव्या, मोठ्या कटरकडे गेलं होतं. ते धावलं, पण तो हॉस्पिटल पाहण्याआधीच गेला. शहरात चार दिवसांत बरा होऊन घरी आला असता. सात वर्षांत एकशे तीसहून जास्त तरुण या बेटांवर राहून गेले. त्यांच्यातला हा पहिला मृत्यू. युद्ध अजून तीन वर्षं लांब होतं.

आता १९३७.

त्या वर्षाच्या सुरुवातीला हाउलँडवर प्रवाळाचा चुरा दाबून धावपट्ट्या तयार झाल्या. त्या विमानतळाला बेटावरच्या हवाईयन तुकडीच्या म्होरक्याचं, जेम्स कामाकाईवीचं नाव मिळालं: कामाकाईवी फील्ड. विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा करताना इअरहार्टचा पहिला बेत पश्चिमेकडे उडत जायचा होता, पण मार्चमध्ये होनोलुलूहून उड्डाण करतानाच विमान कोलमडलं. दुरुस्तीनंतर तिने दिशा उलटी केली. त्यामुळे हाउलँड हा सुरुवातीचा टप्पा न राहता जवळजवळ शेवटचा झाला, आणि सगळ्यात अवघडही: न्यू गिनीतल्या ‘ले’ या गावाहून सुमारे ४,११३ किलोमीटर, मध्ये नुसतं पाणी, आणि शेवटी हा एवढासा तुकडा. सोबत दिशादर्शक फ्रेड नूनन. इटास्का कमांडर वॉर्नर थॉम्पसनच्या हाताखाली बेटाच्या आडोशाला तरंगत होती. बेटावर पोरांनी पाहुणीसाठी खोली तयार ठेवली होती आणि पट्टीवरून पक्षी हुसकवत होती.

मध्यरात्रीनंतर पावणेतीनला रेडिओ रूममध्ये तिचा आवाज पहिल्यांदा पकडला गेला. ढगाळ हवामान, एवढंच. सव्वासहाच्या सुमारास, सुमारे दोनशे मैलांवर आहोत, दिशा सांगा. अर्ध्या तासाने, शंभर मैलांवर. ७ वाजून ४२ मिनिटांनी: आम्ही तुमच्या डोक्यावरच असायला हवं, पण तुम्ही दिसत नाही, इंधन कमी होतंय, रेडिओवरून तुमचं काही ऐकू येत नाही, हजार फुटांवर उडतोय. त्या वेळी आवाज इतका खणखणीत होता की मुख्य रेडिओमन लिओ बेलार्ट्स विमान दिसेल म्हणून दाराबाहेर बघायला गेला. आकाश रिकामं. बोटीने चिमणीतून काळा धूर सोडला होता. ८ वाजून ४३ मिनिटांनी शेवटची नोंद: १५७-३३७ (अंशांत मोजलेल्या दिशा) या रेषेवर आहोत, उत्तर-दक्षिण उडतोय.

या नोंदी वाचताना माझे हात आपोआप हेडफोनकडे जातात. समोरचा ऐकू येतोय आणि त्याला आपण ऐकू जात नाही, यापेक्षा वाईट वेळ आमच्या धंद्यात नाही. व्यापारी जहाजांवर ५०० किलोहर्ट्झवर दर तासाला दोनदा, सव्वाच्या आणि पावणेच्या ठोक्याला, तीन-तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं असे. का, तर कुणाचा क्षीण हाकारा असलाच तर तो इतरांच्या बडबडीत बुडू नये. आमच्या घड्याळांवर ती मिनिटं लाल रंगाने रंगवलेली असत. मी असंख्य वेळा ती शांतता ऐकली आहे, त्यामुळे त्या माणसांची अवस्था मला कळते.

पुढे कित्येक वर्षं इटास्काच्या रेडिओवाल्यांवर बोट ठेवलं गेलं. मला ते पटत नाही. इअरहार्ट ३१०५ किलोसायकलवर (म्हणजेच किलोहर्ट्झवर) बोलत होती आणि त्यावरच आपली दिशा मागत होती. जहाजाचं दिशाशोधक यंत्र त्या लहरीवर चालतच नव्हतं, त्याची मर्यादा ५५० च्या आसपास संपायची. उसना आणलेला उच्च लहरींचा शोधक बेटावर लावला होता, पण रात्रभर चालून त्याच्या बॅटऱ्या ऐन वेळी उतरल्या. विमानावरची लांब लोंबती एरियल, जिच्या जोरावर ५०० वर बोलता आलं असतं, ती आधीच काढून टाकलेली. मोर्समध्ये दोघांनाही गती नव्हती. तिने ७५०० वर सिग्नल मागितला, इटास्काने दिला, तिला तो मिळालाही, पण त्यावरून दिशा निघेना. बोटीचं घड्याळ ग्रिनिचपासून साडेअकरा तास मागे आणि विमान ग्रिनिच वेळेवर, म्हणून ‘पाऊण’ आणि ‘सव्वा’ बोलायचं ठरलं तरी कुणाचा कोणता, याचा मेळ बसणं कठीण. शिवाय नकाशावर हाउलँडची जागाच पाचेक सागरी मैलांनी चुकलेली. यातली एकेक गोष्ट लेच्या धावपट्टीवरून विमान सुटण्याआधीच ठरून गेली होती. कुणीतरी एकाने सगळ्यांना एका टेबलाशी बसवून कोण कोणत्या लहरीवर ऐकणार, कोण दिशा काढणार, हे शेवटपर्यंत तपासायला हवं होतं. तसं कुणी केलं नाही. बेलार्ट्स आणि त्याचे सोबती आपल्या जागेवर होते, ऐकत होते, लिहीत होते. पहाऱ्यावरच्या माणसाने याहून वेगळं काय करायचं?

थॉम्पसनच्या निर्णयाबद्दल मात्र मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी त्याने बेट सोडलं आणि वायव्येला शोधायला निघाला, कारण बेटाभोवती लख्ख ऊन होतं आणि ढग त्या बाजूला होते. ढगात असल्याशिवाय तिला बेट आणि धूर दिसला नाही असं होणार नाही, हा त्याचा हिशेब. चुकीचा म्हणता येत नाही, बरोबर ठरला असंही नाही. पुढे ‘कोलोरॅडो’ ही युद्धनौका आणि ‘लेक्सिंग्टन’ ही विमानवाहू नौकाही आली. १९ जुलैपर्यंत शोध चालला, काहीच सापडलं नाही. बेटावर पोरांनी मांडलेली खोली तशीच राहिली. नंतर हाउलँडच्या किनाऱ्यावर खलाशांना दिवसा दिसणारा एक मनोरा उभारून त्याला इअरहार्टचं नाव दिलं गेलं.

शोध संपल्यावर बेटांच्या फेऱ्या पूर्वीसारख्याच चालू राहिल्या. मार्च १९३८ मध्ये टेनीने कँटन आणि एंडरबरी या आणखी दोन बेटांवर हवाईयन तरुण उतरवले. कँटनवर ब्रिटिशांचाही दावा होता, म्हणून पुढच्या वर्षी दोघांनी मिळून संयुक्त ताबा मान्य केला. युरोपात तेव्हा तोफा धडधडायच्या बेतात होत्या, पण या बेटांवर कागद, रोजनिशा आणि पाण्याचे ड्रम यांच्याच जोरावर जागा अडवली जात होती. इतिहासकार इटास्काच्या या काळाला ‘शांततेच्या काळातली सेवा’ म्हणतात. माझ्या मते ती शांतता नव्हती. कुठली पट्टी कुणाच्या हाती राहणार, हे ठरवण्याचं काम तेव्हाच सुरू झालं होतं आणि ते निःशस्त्र पोरांच्या अंगावर टाकलं होतं.

१९४१ च्या वसंतात रूझवेल्टने ती दहाही कटर ब्रिटनला द्यायचं ठरवलं. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटिश मालवाहू जहाजांचा फडशा पाडत होत्या आणि काफिल्यांना राखायला बोटी कमी पडत होत्या. ३० मे १९४१ ला इटास्का कोस्ट गार्डच्या पटावरून उतरली आणि ‘एचएमएस बॅनफ’ झाली. त्या दहा बोटींपैकी तीन युद्धात बुडाल्या. ‘कल्व्हर’ पाणबुडीच्या टॉर्पेडोने, ‘वॉल्नी’ आणि ‘हार्टलंड’ अल्जीरियातल्या ओरानच्या बंदरात. इटास्का वाचली, १९४६ साली अमेरिकेला परत मिळाली आणि १९५० साली भंगारात निघाली.

पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, जपानी बाँबफेकी विमानं हाउलँडवर आली. बेटावर चौघे होते. जोसेफ केलीइहानानुई आणि रिचर्ड व्हेली हे दोघे ठार झाले. व्हेली शाळा सोडून फार दिवस झालेला मुलगा नव्हता. विमानतळ बांधला म्हणून बेट जपान्यांच्या नकाशावर लक्ष्य ठरलं, आणि विमानतळ बांधता यावा म्हणून ही मुलं तिथे होती. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, ते कुठल्याही सैन्यात नव्हते. दोन दिवसांनी एका पाणबुडीने उरलेल्या वस्तीवर तोफा डागल्या, इटास्काटाउन उद्ध्वस्त झालं. थॉमस बेडरमन आणि एल्व्हिन मॅट्सन या दोघांनी सोबत्यांना बेटावरच पुरलं आणि जवळजवळ आठ आठवडे दिवसा लपून काढले. ३१ जानेवारी १९४२ ला ‘हेल्म’ ही विनाशिका त्यांना आणि बेकरवरच्या मुलांना न्यायला आली. जार्व्हिस आणि एंडरबरीवरच्यांना त्यानंतर टेनीने आणलं.

हल्ल्यात गेलेल्या त्या दोघांच्या अस्थी १९५४ साली हवाईतल्या ओआहू बेटावर आणण्यात आल्या. ही मुलं कायद्याने सैनिक नव्हती, त्यामुळे त्यांच्या वाट्याला सैनिकाचा मान किंवा सवलती आल्या नाहीत. अमेरिकी सेनेटने त्यांच्या सेवेची दखल घेणारा ठराव केला तो २०१५ साली. तोवर वाचलेल्यांपैकी फारच थोडे हयात होते, आणि इअरहार्टच्या विमानाचा शोध मात्र नव्या नव्या मोहिमा काढून चालूच होता.